सेन्सरखालचं पॅकिंग

लग्न झालं तेव्हा मला घरातलं सगळं येत होतं आणि गॅरेजमधलं काहीच नाही. सहा महिन्यांनी नवऱ्याने माझ्यापुढे एक जाड तपकिरी कागद टाकला आणि म्हणाला, "हा काप." तो पॅकिंगचा कागद होता. इंजिनाचे दोन भाग एकमेकांवर बसतात, तिथून तेल गळू नये म्हणून मधे हा कागद घालतात. तयार पॅकिंग मिळायचं, पण तेव्हा ते मुंबईहून आणावं लागे आणि तोवर गाडी दारात उभी राही. म्हणून हाताने कापायचं.

त्याला कात्री लागत नाही. कागद त्या भागावर ठेवायचा आणि हातोडीच्या गोल तोंडाने कडेकडेने हलके ठोके देत जायचं. लोखंडाच्या कडेवर कागद आपोआप कापला जातो. बोल्टच्या भोकावर जुन्या बेअरिंगमधली गोळी ठेवायची आणि एकच ठोका मारायचा, की वाटोळी टिकली खाली पडते. पहिल्या दिवशी मी तीन कागद फाडले.

"भाकरी थापल्यासारखी मारू नको," नवरा म्हणाला.

"मग तुमी कापा. मी इंजिन खोलते."

"खोलशील तेही. आधी कागद तर धड काप."

दोन महिन्यांत माझं पॅकिंग दुकानातल्यापेक्षा बरं निघायला लागलं. कौतुक म्हणून सांगत नाही. कळंबोलीतले दुसरे मिस्त्री ते माझ्याकडून कापून न्यायचे, म्हणून सांगते.

नवरा साताऱ्याकडचा. खाणीवरचे डंपर दुरुस्त करायला इकडे आला आणि इकडचाच झाला. मी इथली. आमची भाताची खाचरं होती तिथे आता नवीन पनवेलचे सेक्टर आहेत. माझी शाळा चौथीपर्यंत, त्याची सातवीपर्यंत. दोघांनाही इंजिनाचं पुस्तक वाचता येत नव्हतं, कारण ते इंग्रजीत होतं. त्यातली चित्रं तो बघायचा. बाकीचं हाताने आणि कानाने कळायचं.

त्याचा एक नियम होता. लोखंडावर लोखंड उघडं बसवायचं नाही, मधे काहीतरी पाहिजे. हे तो गाडीबद्दल बोलायचा तसा घराबद्दलही. माझं आणि सासूचं वाजलं की म्हणायचा, "आई लोखंड, तू लोखंड. मी मधलं पॅकिंग. दोन्हीकडून दाबला जातोय."

सासू आतून म्हणायची, "पॅकिंग हायेस तर गप बस की. एवढा गळतोस कशाला."

तेव्हाच्या इंजिनात वायरी जवळजवळ नव्हत्याच. इंजिनाच्या मागे एक जड चाक असतं, त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्या चाकावर एक खूण कोरलेली असायची. डिझेलचा पंप बसवताना ती खूण ठरलेल्या जागी आणावी लागे, नाहीतर डिझेल अवेळी सुटतं आणि गाडी धूर ओकते. चाक लोखंडी घरात बंद, आणि घराला खालच्या अंगाला आगपेटीएवढी खिडकी. नवरा पुढून लांब पाना लावून इंजिन हाताने फिरवायचा आणि मी गाडीखाली पाठीवर पडून, हातात बॅटरी धरून, खिडकीतून खुणेची वाट बघायची.

"आली का?"

"नाय."

"आता?"

"नुसते चाकाचे दात जातायत."

"झोपली नाहीस ना?"

"आली. थांबा. थांबा म्हटलं ना, गेली पुढं. परत फिरवा."

एकदा आमचं भांडण झालेलं होतं. कशावरून ते आठवत नाही, त्याच्या भावाच्या लग्नावरून असेल. खूण दिसली तरी मी बोलले नाही. तो फिरवत राहिला. खूण तीनदा माझ्या नाकापुढून गेली. मोठं सहा सिलिंडरचं इंजिन हाताने फिरवायचं म्हणजे खांदे भरून येतात. चौथ्यांदा तो थांबला आणि वरून म्हणाला, "राग गेला असला तर सांग."

"आली," मी म्हटलं.

बाहेर आले तेव्हा माझ्या केसांना सगळं ग्रीस लागलेलं. त्याने ते रॉकेलच्या फडक्याने पुसून दिलं आणि मला म्हणाला की गाडीखाली भांडत जाऊ नको, चहा पिताना भांड. असे दिवस होते. बरे होते. शेडला भिंत नव्हती, हायवेवरून जाणारा ओळखीचा ड्रायव्हर हॉर्न मारून जायचा, आणि कुठल्या गाडीचा कुठला हॉर्न ते मला पाठ होतं. आवाजावरून आजार कळायचा. आता गाड्या बोलत नाहीत, लाईट लावतात.

नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली. मुलाने गॅरेजमध्ये कधी रस घेतला नाही. तो द्रोणागिरीला एका गोदामात क्रेन चालवतो. गॅरेज सून चालवते. तिला बघायला गेलो तेव्हा मुलीचं शिक्षण विचारल्यावर तिचे वडील खाली मान घालून म्हणाले, "आयटीआय. डिझेल मेकॅनिक." त्यांना वाटलं आम्ही उठून जाऊ. नवऱ्याने मुलीला विचारलं, "सहा सिलिंडरची फायरिंग ऑर्डर सांग. कुठल्यामागून कुठलं पेटतं?" ती म्हणाली, "एक, पाच, तीन, सहा, दोन, चार." चहा यायच्या आधी लग्न ठरलं. मुलाला कोणी विचारलं नाही, पण त्याचं चांगलंच झालं.

सूनबाईनेच मला क्रँक सेन्सर समजावला होता. बोटाएवढी काळी नळी असते. तिचं एक टोक फ्लायव्हीलच्या घरात, चाकाच्या दातांपासून जेमतेम नखाच्या जाडीएवढ्या अंतरावर असतं, आणि दुसऱ्या टोकाला वायर.

"आई, चाकाला दात असतात," ती म्हणाली. "एका जागी दोन दात मुद्दाम ठेवलेले नसतात. सेन्सर दात मोजतो आणि मोकळी जागा आली की कॉम्प्युटरला सांगतो, आली. मग कॉम्प्युटर डिझेल सोडतो."

"म्हणजे मी गाडीखाली पडून करायची तेच."

"तेच. फक्त हा भांडत नाही."

यंदा दिवाळीच्या आधी एका सकाळी नऊच्या सुमारास एक ट्रेलर दारात आला. ड्रायव्हर बीडकडचा, आमच्याकडे पंचवीस वर्षं येणारा. नवऱ्याला मिस्त्री म्हणायचा, मला वहिनी. साठीला आलेला माणूस. खाली उतरला तो पाण्याचा तांब्याही न घेता बोलायला लागला. पाठीवर नाशिकच्या कांद्याचा कंटेनर होता, बंदराला द्यायचा. कसारा घाटात गाडी दोनदा बंद पडली होती. इंजिन थंड झालं की चालू व्हायची, तापलं की बंद. कांदा ज्या जहाजाने जायचा, त्याच्यासाठी बंदराचं गेट चार वाजता बंद होणार होतं.

"नऊच वाजतायत," मी म्हटलं. "चहा घ्या."

"चहा नको वहिनी. याच गाडीनं मागं दोनदा उशीर झालाय. शेठनं तोंडावर सांगितलंय, तिसऱ्यांदा गेट चुकलं तर चावी टेबलावर ठेवून घरी जायचं." त्याने टोपी काढून डोकं पुसलं. "या वयात दुसरं स्टेअरिंग कोण देणार? नव्या गाडीला पस्तिशीच्या आतला माणूस मागतात. घरी जाऊन करू काय, शेळ्या राखू?"

"शेळ्या तरी ऐकतील का तुमचं," सून म्हणाली आणि केबिनमध्ये चढली. ती अशीच बोलते. माणूस घाबरला की त्याला टोचून जागेवर आणते. तिने सेल्फ मारला. इंजिन घरघर फिरलं, पण चालू झालं नाही. "काका, काटा बघा. इंजिन फिरतंय आणि आरपीएमचा काटा झोपलेला. चाक फिरतंय हे कॉम्प्युटरला कळतच नाहीये." स्कॅनर लावला, त्यानेही क्रँक सेन्सरच सांगितला. ट्रक टर्मिनलमधल्या दुकानातून नवा सेन्सर आला.

त्या गाडीत सेन्सरची जागा अवघड आहे. गिअरबॉक्सच्या वर, चासीच्या आत, दोन पाइपांच्या मागे. सुनेचा हात मनगटापाशी अडकतो. माझ्या हातात अजून दोन-चारची लहान बांगडी जाते. म्हणून सेन्सर मीच बसवते. आठ-दहा तरी बसवले असतील. प्रत्येक वेळी ती मला तेच सांगते, जसं काही मी आजच जन्मले.

"जागा पुसून घ्या. ओरिंगला, त्या रबराच्या कड्याला, तेलाचं बोट लावा. सरळ आत दाबा, ठोकू नका. बोल्ट हाताने लावा, मग पाना. जास्त आवळायचं नाही."

"कळलं."

"आहे तसाच बसवा, आई."

ती केबिनमध्ये स्कॅनर घेऊन बसली आणि मी गाडीखाली गेले. जुना सेन्सर काढला. त्याच्या बुडाभोवती तेल पाझरून काळा चिकट थर जमलेला होता. तो खरवडला, जागा फडक्याने कोरडी केली. खाली साफ लोखंड दिसलं. नव्या सेन्सरच्या कानाला, म्हणजे बोल्ट जातो त्या चपट्या भागाला, खालून लोखंडी पट्टी होती. लोखंडावर लोखंड, आणि तेल पाझरलेलं. माझा हात विचार करत बसला नाही. मी बाहेर आले, कागद घेतला, सेन्सरच्या बुडाशी धरला, हातोडीने चार ठोके दिले, दोन भोकं पाडली. कागद जाडच घेतला, नीट बसावा म्हणून. पॅकिंग नळीवर ओवलं आणि सेन्सर बसवला. झकास बसला. सुनेला मी सांगितलं नाही. लपवलं असं नाही. कढईला तेल घातलं हे कोणी सांगत बसतं का, तसं होतं ते माझ्यासाठी.

"झालं," मी ओरडले.

तिने सेल्फ मारला. पहिल्या फटक्याला गाडी चालू झाली. ड्रायव्हरने इंजिनाला नमस्कार केला. सुनेने पंधरा मिनिटं गाडी चालू ठेवली, लाईट विझलेली बघितली, एकदा बंद करून परत चालू केली. तो आता चहा प्यायला, बशीत ओतून, घाईघाईने. साडेअकराला निघून गेला.

सव्वादोनला फोन आला. सुनेने फोन कानाला लावला आणि तिचा चेहरा बघून मी हातातलं काम खाली ठेवलं. उन्हात बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरांची रांग होती. सगळ्यांनी इंजिन बंद केली, तशी यानेही केली. अर्ध्या तासाने रांग हलली आणि याची गाडी हलेना. सेल्फ फिरतोय, चालू होत नाही. मागच्यांनी शिव्या घालून दुसऱ्या ट्रेलरने ओढून तिला कडेला काढलं होतं.

"सेन्सर डुप्लिकेट लागला बहुतेक," सून म्हणाली. "नाहीतर वायर कुठेतरी घासतेय. चला."

दुकानात तसला दुसरा सेन्सर नव्हता. आम्ही स्कूटरवर निघालो. हत्यारांची पिशवी माझ्या मांडीवर. रोडपालीच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मला पॅकिंग आठवलं. नुसतं आठवलं, चुकलं असं लगेच नाही वाटलं. मग तिचं बोलणं आठवलं. दातांपासून जेमतेम नखाएवढं अंतर. नखाएवढ्या अंतरात मी केवढा जाड कागद घातला? पुढचा सगळा रस्ता मी त्या कागदाची जाडी मोजत होते. तिच्या पाठीमागे बसून सांगता आलं असतं. पण ट्रकांच्या आवाजात ओरडून सांगायची गोष्ट नव्हती ती. खरं म्हणजे मला सांगवत नव्हतं.

द्रोणागिरीच्या अलीकडे गाडी उभी होती. तीन वाजून गेले होते. ड्रायव्हर सावलीत न बसता उन्हातच उभा होता. शेजारून ट्रेलर पुढे सरकत होते, आणि प्रत्येक गेलेला ट्रेलर तो मान वळवून बघत होता.

सुनेने स्कॅनर लावला. "सिग्नल येतोय, पण तुटक. वायरच असणार. अख्खी लाइन बघावी लागेल."

"किती वेळ?" ड्रायव्हरने विचारलं.

"तास तरी, काका."

त्याने घड्याळसुद्धा बघितलं नाही. ती वायरीची गुंडाळी सोडायला लागली.

"वायर सोडू नको," मी म्हटलं. "मी खाली पॅकिंग घातलंय."

"कशाखाली?"

"सेन्सरखाली."

"का?"

"तेल पाझरत होतं."

"त्यासाठी ओरिंग असते, आई. तिथे पॅकिंग नसतं. सेन्सर तेवढा वर उचलला गेला. गाडी थंड होती किंवा चाक पळत होतं तोवर कसाबसा दात बघत होता. तापलेली गाडी बंद करून सेल्फने हळू फिरवली की नाही दिसत त्याला."

"रोडपालीला कळलं ते मला."

"रोडपालीला?" ती म्हणाली. "आणि आपण उतरून किती वेळ झाला?"

मी गाडीखाली शिरले. ती म्हणाली, इंजिन तापलेलं आहे, थांबा, फडकं गुंडाळा. थांबायला वेळ कुठे होता. पाइपाला मनगट लागलं आणि कातडी सोलून निघाली. बोल्ट काढला, सेन्सर ओढला, पॅकिंग काढलं, सेन्सर आहे तसा परत बसवला. सुनेने सेल्फ मारला आणि गाडी लगेच चालू झाली. तीन चाळीस.

मी पॅकिंग तिच्या हातात दिलं. तिने ते दोन बोटांत धरून उजेडात बघितलं. कड कुठे तुटलेली नाही, भोकं बरोबर मधोमध.

"किती छान कापलंय," ती म्हणाली.

त्यापेक्षा शिवी दिली असती तर चाललं असतं.

ड्रायव्हर केबिनमध्ये चढला. दार लावताना खाली बघून म्हणाला, "वहिनी, मिस्त्रीनं शिकवलेलं तुम्ही पक्कं ध्यानात ठेवलंय. जरा जास्तीच पक्कं." तो रागावला असता तर मी ऐकून घेतलं असतं. पण तो हसला, आणि ते हसणं चांगलं नव्हतं.

रांगेतली त्याची जागा गेली होती. गेटवर पोहोचेपर्यंत साडेचार वाजले. गेट बंद.

त्या रात्री मी जेवले, झोपलेही. न जेवून गेट उघडणार नव्हतं. सकाळी सुनेने त्याला फोन केला. त्याने शेठला फक्त एवढंच सांगितलं होतं की गाडी बंद पडली. का पडली ते नाही. शेठने त्याला दहा वाजता चावी घेऊन ऑफिसात बोलावलं होतं.

"त्यांनी आपलं नाव का नाही सांगितलं?" सून म्हणाली.

"मिस्त्रीचं मीठ खाल्लंय म्हणून," मी म्हटलं. "गाढव हाय." आणि ते पॅकिंग प्लास्टिकच्या पिशवीत घालून निघाले. ती येते म्हणाली. मी म्हटलं, तू गॅरेज उघड.

ट्रान्सपोर्टचं ऑफिस टर्मिनलच्या पलीकडे, पहिल्या मजल्यावर. जिन्याखाली ड्रायव्हर उभा होता, चावी हातात. मला बघून म्हणाला, "तुम्ही कशाला आलात वहिनी, घरी जा." मी वर गेले.

शेठ चाळिशीचा, समोर दोन फोन. मी त्याच्या वडिलांना ओळखत होते, याला नाही. त्याने खुर्ची दाखवली. "बसा मावशी. काय काम?"

"काल तुमची गाडी बंद पडली, तिचा सेन्सर मी बसवला होता."

"तुम्ही?"

"मी. आणि त्याच्याखाली हे घातलं." मी पॅकिंग टेबलावर ठेवलं. "हे तिथं घालायचं नसतं. याच्यामुळं सेन्सर चाकापासून लांब राहिला. गाडी थंड होती तेव्हा चालू झाली, तापल्यावर बंद केली ती परत चालू झाली नाय. यात तुमच्या ड्रायव्हरनं काय केलं ते सांगा."

त्याने पॅकिंग उचललं, उलटं केलं, परत ठेवलं. "आणि आधी दोनदा उशीर झाला तो?"

"तोच सेन्सर. जुना, मरायला टेकलेला. तुमी तेव्हा गाडी कोणाला दाखवली?"

"दाखवली होती. फिल्टर बदलला."

"फिल्टरला काय ठाऊक चाक कुठं फिरतंय ते."

तो हसायला लागला आणि मग थांबला. "मावशी, माझ्याकडे ड्रायव्हर रोज कारणं घेऊन येतात. कारण स्वतः रिक्षा करून आलं, हे आज पहिल्यांदा बघतोय."

"बसने आले. हसून काय होणार, त्याचं काय करणार ते बोला."

त्याने खिडकीतून खाली बघितलं. ड्रायव्हर अजून जिन्याशी उभा होता. मी मधे बोलले नाही. ज्याचं त्याला ठरवू द्यावं लागतं, इंजिन फिरवणाऱ्याला घाई केली की तो खुणेच्या पुढे जातो.

"ठेवतो त्याला," तो म्हणाला. "कांदा पुढच्या जहाजाने जाईल. पण मावशी, राग मानू नका. यापुढे माझ्या गाड्यांना तुमच्या सुनेने हात लावायचा. तुम्ही नाही."

मी असं धरून गेले होते की तो पैसे मागेल, नाहीतर आमच्याकडे गाड्या पाठवणं बंद करेल. हे माझ्या मनातही आलं नव्हतं. चाळीस वर्षांच्या वर मी गाड्यांना हात लावला. कोणी लावू नको म्हणालं नव्हतं, नवराही नाही, सासूही नाही. वाईट वाटलं. पण तो चुकीचं बोलत नव्हता.

"बरं," मी म्हटलं.

खाली येऊन ड्रायव्हरला म्हटलं, "चावी खिशात ठेवा." त्याला एकदम कळलं नाही. कळल्यावर तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि टोपीने तोंड पुसत राहिला. मी दुसरीकडे बघितलं. त्याने बसावं तेवढं बसू दिलं.

मग म्हणाला, "चला, गॅरेजला सोडतो." रिकामा ट्रेलर शेजारीच उभा होता, कंटेनर काल रात्री बंदराजवळच्या यार्डात उतरवून ठेवलेला. गाड्यांखाली आयुष्य गेलं, पण ट्रेलरच्या केबिनमध्ये बसून मी रस्त्यावरून कधी गेले नव्हते. तिसऱ्या पायरीला गुडघा अडला. त्याने वरून हात दिला. वरून कळंबोलीचं सर्कल वेगळंच दिसतं. रिक्षा म्हणजे डबे दिसतात. मी कान देऊन इंजिन ऐकलं. आवाज चांगला होता, पण त्यातून मला काही कळत नव्हतं. जुन्या इंजिनात मी डोळे मिटून कुठलं सिलिंडर दमलंय ते सांगायची. त्याला मी तसं म्हटलं. तो म्हणाला, "वहिनी, मलाही कळत नाही. मी लाईट बघतो आणि देवाचं नाव घेतो."

गॅरेजपुढे सून हात पुसत बाहेर आली. "काय म्हणाला?"

"ठेवलं यांना."

"आणि?"

"त्याच्या गाड्यांना मी हात लावायचा नाय."

तिने फडकं खांद्यावर टाकलं. "आणि तुम्ही हो म्हणालात?"

"म्हटलं."

"माझ्या गॅरेजमध्ये कोणी कुठे हात घालायचा ते तो ठरवणार?"

"त्याच्या गाड्यांचं तो ठरवेल. बाकीच्या गाड्यांना मी हाय. आणि शब्द दिलाय, तो मोडायला सांगू नको."

ती आणखी बोलणार होती. तिचं नाक लाल झालं की ती बोलते. पण ती ड्रायव्हरकडे वळली. "काका, इंजिन तापलंय?"

"तापलंय."

"बंद करा. मी सांगेन तेव्हा सेल्फ मारायचा. तीनदा. एकदाही चुकली तर इथून हलायचं नाही."

त्याने इंजिन बंद केलं. तिने हात वर केला, गाडी चालू झाली. बंद केली. परत चालू झाली. तिसऱ्या वेळी तिने त्याला मुद्दाम दहा मिनिटं थांबवलं, इंजिनाची धग आत सगळीकडे पसरू दे म्हणाली. तो केबिनमध्ये चावीला हात लावून बसला, आम्ही दोघी खाली उभ्या. तिने हात वर केला आणि गाडी चालू झाली.

"जा आता," सून म्हणाली. "आणि रांगेत बंद करायला घाबरू नका."

तो हॉर्न मारून गेला.